गळका शॉकअप घेऊन अहेरीला

आलापल्लीच्या जंगलातून जाऊन आलेल्या माणसाने सागाबद्दल बोलावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मीही बोलणार आहे. पण आधीच सांगून टाकतो, त्या जंगलातला निम्मा साग मी पाहिलेलाच नाही. सगळा रस्ताभर माझी नजर गाडीच्या पुढच्या डाव्या पायावर होती. मध्येच वाघ आडवा आला असता, तरी मी त्याला म्हणालो असतो, "बाप्पा, जरा बाजूले हो, मले चाक दिसून नाई राह्यलं."

पाय म्हणजे शॉकअप. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या दोन नळ्या असतात. आत स्प्रिंग असते आणि तेल असतं. खड्डा आला की वरची चकचकीत नळी खालच्या जाड नळीत शिरते आणि पुन्हा वर येते. जिथे ती शिरते तिथे रबराचं गोल सील असतं. ते फाटलं की तेल बाहेर, आणि तेल गेलं की खड्डा थेट बसणाऱ्याच्या मणक्यात. माझी गाडी माझ्या लग्न झालेल्या मुलीपेक्षा वयाने मोठी आहे. तिची सीलं फाटणं हा काही चमत्कार नव्हता.

पण मागच्या पावसाळ्यात मूल गावाच्या रस्त्यावर पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात ही गाडी पुढून खाडकन बसली आणि मागे बसलेली माझी बायको, रंजना, उडून डांबरावर पडली. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण ती माझ्या मागे बसेना. ऑटोने जाई, एसटीने जाई, नाहीतर पायी. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं याच गाडीवर मार्कंड्याच्या जत्रेला गेलो, सिरोंच्यापर्यंत गेलो, मुलगी पोटात असताना सिंदेवाहीला तिच्या मामाकडे गेलो. मला गाडी चालवताना सतत बोलायची सवय. आता मागे कुणी नाही आणि मी बोलतोच आहे, हे पाहून शेजारून जाणारे लोक गाडी हळू करून माझ्याकडे बघायचे.

शेवटी अहेरीने मला संधी दिली. रंजनाची थोरली बहीण कमलबाई तिथे राहते. पोपटाच्या शेंगा आल्यात, या, असा तिचा फोन आला. पोपट म्हणजे आमच्याकडचा वाल. हिवाळ्यात मीठ घालून उकडतात आणि गप्पा मारत टोपलीभर संपवतात. मी म्हणालो, "गाडीनं जाऊ. शॉकअप मी स्वतः घरी बनवतो. सील नवं, तेल नवं."

रंजनाने आधी आपल्या डाव्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ठीक हाय. बसतो मी," ती म्हणाली. "पण रस्त्यात एक थेंब तेल दिसलं तं तिथून एसटी. अन् मंग या जन्मात तुमच्या मागं बसत नाई. आपण पुढचा जन्म मानत नाई, हे ध्यानात ठेवा."

चंद्रपूर, घरचं अंगण

आमचा नेहमीचा मिस्त्री कुठल्याशा लग्नाला गेला होता. तो असता तरी मी गाडी त्याच्याकडे नेली नसती. हे काम माझ्या हाताने झालेलं रंजनाला दिसायला हवं होतं. मी हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाची कामं करतो, आणि प्रेक्षक समोर असल्याशिवाय माझ्याकडून काही होत नाही.

गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, इंजिनखाली दगड दिला, पुढचं चाक काढलं. दोन्ही शॉकअप ओढून बाहेर काढले तेव्हा गाडी अशी दिसत होती, जणू कुणी तिचे दात काढलेत. जुनं तेल ओतलं. काळंकुट्ट, आणि वास असा की शेजारची मांजर कुंपणावर येऊन बसली.

तळाचा बोल्ट सोडवायचा तर आतला दांडा त्याच्यासोबतच फिरत होता. मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या माणसाकडे त्यासाठी खास अवजार होतं. माझ्याकडे जाळे काढायचा बांबू होता. तो वरून नळीत ठोकला, पोटाने दाबून धरला आणि खालून पाना फिरवला.

दारातून आवाज आला, "घराचे जाळे काढा म्हणलं तं वेळ नाई, अन् गाडीचे काढून राह्यले?"

बोल्ट सुटला. जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटलं. नळीवर गंजाचे बारीक ठिपके होते, ते झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासले. चहाच्या कपाने तेल मापून घेतलं. तो कप आता वेगळा ठेवलाय आणि पाहुण्यांपैकी कुणाला द्यायचा ते रंजना ठरवते. उजव्या पायाचं नवं सील अगदी लोण्यासारखं बसलं. डाव्याचं सील नळीच्या धारेवरून सरकवताना मात्र 'चर्र' असा बारीक आवाज आला. तो मी ऐकला. ऐकून, आपण काहीच ऐकलं नाही, असं ठरवलं.

संध्याकाळी रंजनाने पुढचं चाक पाहिलं, बोटाने दोन्ही नळ्या पुसून पाहिल्या. बोट कोरडं होतं. तिने दुसऱ्या दिवशीसाठी पिशवी भरली.

गोंडपिपरीच्या पुढे

थंडी चांगलीच होती. बल्लारपूर मागे पडेपर्यंत माझं नाक वाहायला लागलं होतं, पण मी गात होतो. मागे माणूस होतं. तिने दोन्ही हातांनी मागचं कॅरिअर घट्ट धरलं होतं, माझ्या खांद्याला हात लावला नव्हता, पण ती होती. धान कापलेल्या शेतांवरून धुकं उठत होतं. खड्डा आला की गाडी मऊ बसायची, मऊ उठायची, आणि मी मागे न बघता विचारायचो, "कसं वाटलं?" ती म्हणायची, "समोर पाहा."

गोंडपिपरीला आलूबोंडा आणि त्यावर झणझणीत रस्सा खाल्ला. रंजना हात धुवायला गेली तेवढ्यात मी वाकून पाहिलं. उजवा पाय कोरडा. डाव्या नळीवर, सीलच्या अगदी वर, एक ओलसर कडं. थेंब नव्हे. म्हशीच्या नाकावर असतो ना, तेवढाच ओलावा. मी तो रुमालाने टिपला आणि तिथून पुढे माझा प्रवास संपला. म्हणजे गाडी चालत होती, पण मी प्रवास करत नव्हतो, मी पहारा देत होतो.

गाडी चालवताना सीटवरून ती जागा दिसत नाही. पाहायचं तर थांबायला हवं, आणि थांबायला कारण हवं. मला एकच कारण सुचलं.

"जरा लघवीले जाऊन येतो."

उतरायचं, झाडामागे जायचं, परत येताना पुढून फिरून चाकाजवळ बुटाची नाडी बांधायची, तेवढ्यात रुमाल फिरवायचा. पुन्हा थोड्या अंतराने तेच. वैनगंगेचा पूल येईपर्यंत रंजना काही बोलली नाही. पुलानंतर आष्टीला मी पुन्हा गाडी बाजूला घेतली, तेव्हा तिने हळूच विचारलं, "आवो, तुमच्या बाबालेही शुगर होती ना?"

मी नाडी बांधता बांधता वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. त्या क्षणी सत्य सांगता आलं असतं. पण समोर एसटी स्टँड होता आणि अहेरीची बस लागलेली होती.

"होती," मी म्हणालो.

आष्टीपासून रस्त्याचा रंग बदलतो. चंद्रपूरची माणसं आम्ही, काळी धूळ आमच्या अंगवळणी पडलेली. खिडकीच्या गजावरून बोट फिरवावं तर कोळसा. इथली धूळ लाल. सूरजागडहून लोखंडाचा दगड भरून निघालेले ट्रक एकामागून एक येतात आणि प्रत्येक ट्रक आपल्यावर एक लाल पडदा टाकून जातो. रस्ता त्यांच्या वजनाने खचलेला. अशा एका ट्रकच्या समोर खड्डा चुकवताना मी पुढचा ब्रेक दाबला आणि डावीकडून 'खप्' असा आवाज आला. मागच्या पावसाळ्यात खड्ड्यात बसण्याआधी असाच आवाज आला होता.  मागे रंजनाने श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. ट्रक गेला.  मी गाणं थांबवलं.

आलापल्लीच्या अलीकडचा तो जंगलाचा तुकडा. साग खरोखर उंच आहे, एवढं मी शपथेवर सांगतो, कारण खोडं दिसत होती आणि शेंडे दिसत नव्हते. वाळलेली पानं पापडासारखी वाजत होती. वाघापासून सावध राहा, असं लिहिलेल्या पाटीखालीच मी गाडी थांबवली.

"इथी?" रंजना किंचाळली. "वाघाच्या घरात?"

"लागली तं काय करू?"

"मी बोलू का एक? डॉक्टरले दाखवा बाप्पा. आजच्या आज."

मी नाडी बांधली. रुमाल आता चिंब होता.

अहेरी

कमलबाईचं घर गावाच्या टोकाला. अहेरीत चंद्रपूरच्या माणसाला सगळ्यात आधी हेवा वाटतो तो लाकडाचा. आमच्याकडे सागाचं एक दार घ्यायचं तर माणूस घरात बैठक बोलावतो. इथे कोंबड्यांच्या खुराड्याला सागाची फळी. दुसरी गंमत बोलीची. बाजाराच्या रस्त्यावर मराठी, हिंदी, गोंडी आणि तेलुगू एकाच वाक्यात भेटतात आणि कुणाचंच अडत नाही.

"जयभीम, साडभाऊ!" कमलबाईचे यजमान गौतमभाऊ अंगणातूनच ओरडले. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. हे वनखात्यातून निवृत्त झालेले, आवाज अजून जंगलातल्या अंतराचा. "हे म्हातारी गाडी इथपावतर आली काय?"

"आली ना, जयभीम! नवी करून आणली."

मी घाईघाईने गाडी भिंतीला लावली, डावी बाजू भिंतीकडे.

कमलबाईने माझ्यासाठी तांदळाची खीर केली होती. वाटी माझ्या हातात येते तोच रंजनाने ती उचलली. "यायले नको. यायले शुगर निघाली." चहा बिनसाखरेचा आला. गौतमभाऊंनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून माझ्या वाटणीची खीर खाल्ली. कमलबाई कारल्याच्या रसाबद्दल बोलली, आणि नुसती बोलून थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. जेवणं झाल्यावर दोघी बहिणी पिशव्या घेऊन गेल्या. मी गाडी भिंतीपासून ओढली आणि हँडल दाबलं. डावा पाय खाली गेला आणि खालीच राहिला. मोडलेल्या छत्रीसारखा. आतलं बरंचसं तेल रस्त्यावर आणि माझ्या रुमालात होतं. सकाळी परत निघायचं होतं.

मी गौतमभाऊंना सगळं सांगितलं. ते इतके आनंदले की खाटेवर उठून बसले. निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला गुपित असं आलंच नव्हतं.

"म्हणजे शुगर नाई?"

"नाई हो."

"मंग खीर मी उगाच खाल्ली."

सील बदलायला वेळ नव्हता. माझ्या डोक्यात एकच होतं, सध्या तेल भरून घ्यावं, घर गाठावं, मग पाहू. पण स्पेअर पार्टचं दुकान बाजाराच्या मधोमध, आणि तिथेच कुठेतरी दोघी सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर, निवडत उभ्या असणार.

"घरात गाडीचं तेल हाय का?" मी विचारलं. "जाडं पाह्यजे. पतलं नाई चालत."

"हाय ना! जाडंच हाय." ते आत गेले आणि गिअर ऑइलचा जुना डबा घेऊन आले. "असली. मशीनीचं."

"मशीनीचंच ना, पक्कं?"

"मी सोता आणलं ना आलापल्लीवरून! मशीनीचं हाय मनलं ना!"

दुपारच्या उन्हात तेल सोनेरी, दाट, झकास दिसत होतं. नाक सर्दीने बंद, वासाचा प्रश्नच नव्हता. इंजिनखाली दगड देऊन पुढचं चाक अधांतरी केलं आणि पायाच्या वरचं टोपण सैल केलं. आतल्या स्प्रिंगने ते असं उडवलं की शेंगांच्या टोपलीत जाऊन पडलं. आम्ही दोघं म्हातारे टोपली उपडी करून एकेक शेंग चाचपत बसलो. बाजारातून कुणी लवकर येत नाही ना, म्हणून गौतमभाऊ मधूनमधून फाटकापर्यंत जाऊन येत होते. टोपण सापडलं. तेल भरलं. गळणारं टिपायला माझ्या काळ्या पायमोज्याची पट्टी कापून सीलभोवती गच्च गुंडाळली. हँडल दाबून पाहिलं. मऊ खाली, मऊ वर. आम्ही एकमेकांचा हात हातात घेतला.

दुसरी सकाळ

सकाळी अंगणात तोंडातून वाफ निघत होती. मी बॅग बांधली, गाडी बाहेर काढली आणि सवयीने हँडल दाबलं.

गाडी हलली नाही.

पुन्हा दाबलं. पोट टेकवून दाबलं. पुढचा भाग पहारीसारखा ताठ. माझ्या डोक्यात चित्रं सुरू झाली. नळी वाकली असेल, स्प्रिंग अडकली असेल, सील मुडपून आत गेलं असेल. अशा ताठ गाडीवर त्या ट्रकच्या रस्त्याने, मागे ती बसलेली. 

"काय झालं?" रंजना पिशवी घेऊन मागे उभी होती. "अन् हे काळं फडकं कायचं?"

स्टेजवर मी हुकमी रडतो, हुकमी हसतो. पण या बाईसमोर मला तयारीला वेळ लागतो. तो मिळाला नाही.

"ते... नजर लागू नये म्हणून," मी म्हणालो.

 गौतमभाऊंनी डोळे मिटून घेतले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, आणि मला वाटतं तेही माझ्याकडे बघत होते.

"नजर," रंजना म्हणाली. "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला माणूस. गावोगाव माइकवर अंधश्रद्धेवर बोलणारा. अन् गाडीले काळं फडकं बांधून राह्यला."

ती खाली बसली आणि तिने पट्टी सोडली. बोट फिरवलं. बोटावर पांढरट, तुपासारखं काहीतरी आलं. तिने ते नाकाशी नेलं.

"हे तं टोळीचं तेल हाय!"

त्याच क्षणी स्वयंपाकघरातून कमलबाईचा आवाज आला, "आवो, माया टोळीच्या तेलाचा डबा कुठी ठेवला? वडे तळाचे हायेत!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टोळी म्हणजे मोहाच्या फळातली बी. तिचं तेल इकडच्या जंगलात स्वयंपाकाला, अंगाला, दिव्याला, सगळ्याला चालतं. उन्हात ते तेल असतं. थंडीत ते तूप होतं. माझ्या गाडीच्या डाव्या पायात रात्रभर तूप जमत होतं.

"तुमी तं मशीनीचं मनले होते!" मी गौतमभाऊंवर ओरडलो.

"मशीनीचंच हाय!" ते माझ्याहून मोठ्याने ओरडले. "पयले लाकडाच्या फळ्यात दाबून काढत. आता आलापल्लीले मशीन हाय. तिथलं हाय! मी काय खोटं बोललो?"

कमलबाई कढई हातात घेऊन बाहेर आली, तिने गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि ती खाटेवर बसून हसायला लागली. गौतमभाऊ हसले. मीही हसलो, कारण नळी वाकलेली नव्हती. रंजना हसली नाही.

"म्हणजे रस्त्यात जिथी जिथी उतरले," ती हळू म्हणाली, "ते तेल पुसाले?"

"हो."

"शुगर नाई?"

"नाई."

तिने डोळे पुसले. "काल रातभर झोप नाई लागली मले. तुमच्या बाबाचा पाय शुगरनं कापला होता, तेच दिसे." मग ती उठली. आवाज एकदम कोरडा झाला. "कमलबाई, दुपारची चंद्रपूर एसटी किती वाजता हाय?"

 तिने अटीपेक्षा एक शब्दही जास्त मागितला नव्हता.

मग मी गाडी उन्हात घेतली आणि सगळं पुन्हा खोललं. तूप वितळायची वाट पाहिली, ओतलं, नळी रॉकेलने धुतली. नव्या सीलांची एक जादा जोडी मी सोबत आणली होती. डाव्याचं जुनं सील काढलं तर त्याच्या ओठावर नखाएवढी चीर. 'चर्र' इथे होतं. या वेळी नळीच्या धारेवर आधी प्लास्टिकची पिशवी चढवली, तिला तेल लावलं आणि मग सील सरकवलं. काहीच आवाज आला नाही. बाजारातून खरं तेल आणलं. रंजना खाटेवर बसून शेंगा सोलत होती. एकदाही वर पाहिलं नाही, पण तिला सगळं दिसत होतं. असा प्रेक्षक मला कुठल्याच गावात भेटलेला नाही. माझा पाना तीनदा हातातून निसटला.

दुपारी ती एसटीत चढली. मी गाडीला किक मारली.

एसटीच्या मागे

बसच्या मागे मोटारसायकल चालवायची म्हणजे काय ते सांगतो. पुढचं काही दिसत नाही. बस खड्डा चुकवते आणि तो तुमच्यासाठी राखून ठेवते. लाल धूळ दातांत करकरते. आणि थांबता येत नाही, कारण थांबलो तर बस गेली. जाताना मी पाहण्यासाठी थांबत होतो. आता पाय गळतोय की नाही, हे न पाहता जायचं होतं. प्रत्येक खड्ड्याला मी कान देत होतो. 'खप्' येतोय का. आला असता तर मी त्या बसकडे बघून हातसुद्धा हलवला नसता. मुकाट मागे राहिलो असतो.

रंजना शेवटच्या सीटवर बसली होती. मागच्या काचेतून ती मला दिसत होती. मला वाटलं, माझ्याकडे बघतेय. मी मान ताठ केली, किंचित हसलो. मग लक्षात आलं, तिची नजर माझ्या चेहऱ्याच्या बरीच खाली होती. ती चाक बघत होती.

आलापल्लीपासून आष्टीपर्यंत ती तशीच बघत होती. ट्रक आले, खड्डे आले, एका ठिकाणी गुरं आडवी आली आणि मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. गाडी पुढून खाली गेली आणि सावकाश, नीट वर आली. काचेमागे तिने तोंडावर पदर धरला होता. तो तिने तसाच धरून ठेवला.

आष्टी

आष्टीला बस चहाला थांबली. मी गाडी बाजूला लावून उभा राहिलो. वाकून पाहिलं नाही. मला भीतीच वाटत होती.

रंजना उतरली. माझ्याजवळून गेली, माझ्याकडे न पाहता चाकापाशी उकिडवी बसली. लाल धुळीचा थर नळीवर बसला होता. तिने पदराचं पांढरं टोक काढलं आणि डावी नळी गोल पुसली. टोक लाल झालं. ओलं झालं नाही. तिने ते दोन बोटांत चोळून पाहिलं, नाकाशी धरलं.

"दाबा," ती म्हणाली.

मी पुढचा ब्रेक धरून हँडल दाबलं.

"आणखी."

मी दाबत राहिलो. चहा पिणारे लोक कप हातात घेऊन बघायला लागले. तिने पुन्हा पुसलं. पुन्हा पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बसमध्ये चढली.  कंडक्टरने शिट्टी तोंडाला लावली.

ती पिशवी घेऊन खाली उतरली.

"बाई, तिकीट चंद्रपूरचं हाय तुमचं," कंडक्टर दारातून म्हणाला. "मधात उतरलं तं वापस नाई होत."

"माहीत हाय."

"गाडी जुनी दिसते ना पण," त्याने माझ्या गाडीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रस्ता खराब हाय. पोचन काय?"

"तुमी हळू चाला. नाई पोचली तं तुमच्यात चढतो."

ती मागे बसली. कॅरिअर धरलं. वैनगंगेच्या पुलावर मी काही बोललो नाही, बोलायची हिंमत होत नव्हती. पुलाच्या सांध्यांवर गाडी बसत उठत होती आणि प्रत्येक सांध्याला मी मनात मोजत होतो, आता काही म्हणेल, आता म्हणेल. पूल संपल्यावर ती म्हणाली, "गप काऊन बसले? बोला ना काही."

मी बोलायला लागलो. काय बोललो ते आठवत नाही.

गोंडपिपरीला बस आमच्या आधी पोचली होती आणि स्टँडवर उभी होती. कंडक्टर दारात लोंबकळून रस्त्याकडे बघत होता. आम्हाला पाहून त्याने हात वर केला आणि ओरडला, "बाई, येता काय?"

"चाला तुमी!" माझ्या कानाशी रंजना ओरडली. "आमी येतो मागून!"

आणि असं म्हणत आम्ही एसटीच्या पुढे निघून गेलो.